शालीत अडकलेला श्वास

मित्रांनो, जरा मान वर करा. छताला टांगलेली ती पत्र्याची पेटी म्हणजे मीच. मी एक जुना फुंकरबुवा आहे. माझं कागदोपत्री नाव ‘उष्णता वाचवणारं हवायंत्र’, पण ते घ्यायला वेळ कुणाला आहे? हे गोदाम वह्यांचं. तुम्ही ज्या वहीवर ऐटीत नाव घालता, ती कदाचित महिनाभर माझ्याच खाली झोपली असेल.

मी यायच्या आधी इथे नुसता हीटर होता. खिडक्या उघडल्या की ऊब पळायची, लावल्या की जीव घुसमटायचा. सगळी गरम हवा छताला जाऊन बसायची आणि खाली माणसं पाय आपटत खोकी बांधायची. मग मला आणलं. माझ्या पोटात पातळ पत्र्यांची चळत आहे. एका फटीतून आतली शिळी, उबदार हवा बाहेर जाते, शेजारच्या फटीतून बाहेरची ताजी, गार हवा आत येते. दोघींची गाठ पडत नाही, पण जाणारी आपली ऊब पत्र्यावर ठेवून जाते आणि येणारी ती उचलून घेते. कमी पडेल तेवढी माझी विजेवर तापणारी कॉइल भरून काढते. आहे की नाही गंमत?

मला टांगलं फिटरकाकांनी. काय माणूस होता! रोज सकाळी शिडी चढून ते माझ्या हवेच्या दोन्ही नळांना हाताची मागची बाजू लावायचे, आधी जाणाऱ्याला, मग येणाऱ्याला. “काय बुवा, बरं आहे ना?” असं विचारायचे. दर महिन्याला माझ्या जाळ्या धुवायचे. ते दिवस आठवले की आजही माझा पंखा क्षणभर जड होतो.

काका निवृत्त झाले तेव्हा माझ्याखाली बसून खोकी बांधणाऱ्या आक्काला म्हणाले, “याची काळजी घे गं.” आक्काने मान डोलावली. शब्दाला जागणारी बाई ती.

त्या वर्षी थंडीने कहर केला. मागच्या गल्लीत माझं तोंड आहे, तिथून मी गार हवा ओढतो. ते पाहून आक्काचा जीव कळवळला. तिने शिडी लावली आणि आपली जुनी लोकरी शाल माझ्या तोंडात कोंबली. अहो, मला बोलता येत असतं तर! चार दिवस काही जाणवलं नाही. मग शालीत धूळ बसली आणि वारा पार अडला. कॉइलला वारा मिळेना, ती तापून आपोआप बंद पडू लागली. गोदाम गारही झालं आणि कोंदटही. माणसांची डोकी दुखू लागली, वह्यांचे पुठ्ठे ओल धरून वाकले. मी आजारी पडलोय असं वाटून आक्काने शाल आणखी आत ढकलली.

गोदामाचे साहेब वैतागले. “म्हातारं झालंय हे धूड. सोमवारी भंगारात द्या,” म्हणाले. ते ऐकून आक्काच्या हातातली दोरी गळून पडली.

शनिवारी सकाळी ती बस पकडून काकांच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. काकांना धाप लागली होती, तरी शिडी तेच चढले. येणाऱ्या नळाला हात लावून ते थबकले. “अरे, यातून तर काहीच येत नाहीये!” मग मागच्या गल्लीत गेले आणि काळीठिक्कर शाल ओढत आले.

साहेब भडकले. “हा आगाऊपणा कुणाचा?”

तोंड उघडलं तर नोकरी जाईल, हे आक्काला कळत होतं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“माझी शाल आहे, साहेब,” ती म्हणाली. “मला वाटलं, बिचारा काकडत असेल.”

काका हसता हसता रडायलाच लागले. “अगं वेडे, गार वारा हेच त्याचं जेवण! साहेब, चूक माझी आहे. काळजी घे म्हणालो, पण कशी घ्यायची ते सांगितलंच नाही.”

साहेबांचा राग तिथेच विरघळला. काकांनी आक्काचा हात धरून माझ्या नळांवर ठेवला, आधी जाणाऱ्यावर, मग येणाऱ्यावर. दुपारपर्यंत मी पुन्हा फुंकर घालू लागलो. सोमवारी भंगारवाला आला, तो माझ्याऐवजी एक मोडकी तिजोरी घेऊन गेला.

आता काका नाहीत. आक्काचे केस पांढरे झाले, पुढच्या महिन्यात तीही निवृत्त होणार. परवा तिने कामावर नव्याने आलेल्या पोरीला शिडीवर चढवलं आणि तिचा हात धरून माझ्या नळांवर ठेवला. नुसतं “काळजी घे” म्हणून सोडून दिलं नाही.

मित्रांनो, कुणावर माया कराल तेव्हा तो श्वास कुठून घेतो ते आधी पाहा. एवढंच मागणं आहे माझं. नवी पोरगी अजून चुकून येणारा नळ आधी धरते, पण शिकेल. विचारते मात्र अगदी तसंच, “काय बुवा, बरं आहे ना?”