काढ्याने लागलेली झोप

सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची सवय जडलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली; कुणी थरथरतंय, कुणाच्या नाकाडोळ्यांतून पाणी. काढेवाले बाबा एकेकाच्या तोंडात चमचाभर काढा घालत, कपाळावर अंगठा दाबत आणि म्हणत, "विष निघालं बघ." आणि खरंच, मघाशी पोट धरून लोळणारा माणूस दोन तासांत चहा मागायचा.

माझा दादा लेथवर कामाला. पाठ दुखावली म्हणून गोळ्या सुरू झाल्या; पाठ राहिली बाजूला, गोळ्याच मानगुटीवर बसल्या. दोन वर्षं त्याला धड झोप नव्हती. आई त्याला बाबांकडे घेऊन गेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे नाक मुरडणं माझ्याकडे.

काढ्याची बाटली हुंगून मी दादाला म्हणालो, "यात काहीतरी औषध मिसळलंय."

"मिसळू दे," दादा हसला. "मी मुठीने गोळ्या पचवणारा माणूस. चमचाभर पाण्याने मला काय धाड भरते?"

खरं सांगतो, मलाही ते पटलं.

पहिल्या दिवशी दादाची थरथर जेमतेम कमी झाली. बाबांकडे उत्तर तयारच होतं. "तुझं विष जुनं. जुन्या विषाला दुप्पट काढा." दुसऱ्या दिवशी दोन चमचे झाले, तिसऱ्या दिवशी चार.

चौथ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आलो, तर दादाचं घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. आईने तोंडावर बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. "किती दिवसांनी झोपलाय रे. आवाज करू नकोस." शेजारच्या दोघी दारातून चमत्कार बघून गेल्या. घोरणं मध्येच थांबायचं, मग घशातून घरघर यायची. मी चपला हातात घेऊन त्याच्या खाटेजवळून पुढे गेलो.

चारच्या सुमाराला आवाज बंद झाला. "आता गाढ लागली," आई म्हणाली. पाचला ती चहा घेऊन गेली, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, अंग गार झालं होतं.

प्रयोगशाळेतून काढ्याचा अहवाल आल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला समोर बसवलं. "अफूच्या जातीचं औषध आहे, अंगात फार वेळ टिकणारं. गोळ्याही त्याच जातीच्या, म्हणून थरथर थांबते. पण हे हळू चढतं आणि त्याहून हळू उतरतं. कालचं उतरायच्या आत आजचं पडतं, वर परवाचं असतंच. पहिल्या दिवशी कमी वाटलं म्हणून वाढवलं, तिथेच घात झाला."

"पण त्याला सवय होती ना?"

"गोळ्यांची. ती या औषधाला किती पुरेल, कुणी सांगू शकत नाही. नशा जाणवेनाशी होते, श्वास मात्र मंदावत जातो. सवय सोडवायला आम्हीही हेच देतो, पण मोजून, माणसावर नजर ठेवून."

मी तो अहवाल हॉलमध्ये जाऊन मोठ्याने वाचला. बाबांनी डोळे मिटले. "त्याची श्रद्धा कमी पडली." रांगेतला एक जण कळवळून म्हणाला, "मास्तर, बाजूला व्हा हो, माझा नंबर आलाय." पुढे पोलिसांनी हॉलला कुलूप ठोकलं. महिन्याभरात दोन गल्ल्या सोडून दुसरा हॉल उघडला. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की शेवटी बाबांनी लेकाला झोप दिली.

बाबांना हसणारा मीसुद्धा एक अंधश्रद्धा बाळगून होतो: सवयीच्या माणसाला काही होत नाही. लोकहो, ती तरी सोडा. असल्या औषधावरचा माणूस विचित्र घोरायला लागला, तर ती झोप समजू नका. गदागदा हलवा, हाका मारा. उठत नसेल तर लगेच मदत बोलवा आणि त्याला एकटं सोडू नका. उठला तर चिडेल, चार शिव्या घालेल. घालू दे.