पांढरे सांधे

शॉवरच्या तोटीखालून थेट दारापर्यंत गेलेली एक चीर.

खालच्या मजल्यावर छताला पिवळा डाग, खरबुजाच्या फोडीएवढा.

बुखाऱ्यातल्या चहाखान्यांच्या भिंतींवर कोरलेली डाळिंबाची फुलं.

एका माणसाचा अंगठा.

अंगठा तुल्किनचा. फुलंही त्याचीच. जन्मभर त्याने गांच कोरला, म्हणजे जिप्समचा तो पांढराशुभ्र गिलावा. घरातल्या न्हाणीत फरशी बसवली तेव्हा सांधेही त्याने गांचनेच भरले. "सिमेंट गोठ्याला लावतात," म्हणायचा. गांचला पाणी खातं हे त्याच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. म्हणून दर नवरोजच्या आधी तो उकिडवा बसायचा आणि झिजलेले सांधे अंगठ्याने दाबून पुन्हा भरायचा. त्याची बायको ओयदिन चहा घेऊन दारात उभी. नुसतं बघणं.

तो गेल्यापासून सांध्यांना कुणी हात लावला नव्हता.

"ओयदिन, तुझा नवरा माझ्या शोरव्यात ठिबकतोय," खालच्या मजल्यावरची खोसियत वर येऊन म्हणाली. तिला सगळे ओपा, म्हणजे ताई, म्हणत.

"ओपा, खरवडलं की त्याचा हात पुसला जाईल गं."

"आणि नाही खरवडलं तर माझं छत डोक्यात येईल. आण ती पटाशी."

"नको. माझी मी करते."

गांच खडूसारखा सुटत होता. सांध्यासांध्यात अंगठ्याची उथळ खळी होती. पटाशी टेकवण्याआधी ओयदिन तिच्यात आपलं बोट ठेवून बघायची, मग मान वळवून खरवडायची. पाणी जायच्या जाळीपाशी मात्र पटाशी करकरली. पांढऱ्या थराखाली काहीतरी राखाडी, टणक.

"सिमेंट!" ती ओरडली. "ओपा, बघ या लबाडाला! खाली सिमेंट, वरून गांचचा हात फिरवलाय!"

खोसियत खिडकीबाहेर बघू लागली. "पुरुषांचं काही सांगता येत नाही बाई."

ओयदिन हसत सुटली. डोळे पुसले, पुन्हा हसली. गोठ्याला लावतात म्हणे! मग तिचा हात अडला नाही. उरलेले सांधे तिने उकरले, बाजारातून आणलेलं सिमेंट कालवलं आणि अंगठ्याने दाबत भरत गेली. मधूनमधून ती त्याला शिव्या घालत होती, तोच आता दारात उभा असल्यासारखं.

जाळीभोवतीचं ते वाटीभर सिमेंट तुल्किनला खोसियतनेच दिलं होतं, ओयदिन माहेरी गेली होती तेव्हा.