तळाचा गाळ

माझ्या घरी जवसाचं तेलसुद्धा दोन दिवस निवळल्याशिवाय कढईत पडत नाही. गाळ पोटात जाऊ देणारी बाई मी नव्हे. त्याच टापटिपीपायी माझ्या सुनेचा जीव जायची वेळ आली.

छप्पन सालचा पोळा झाला आणि प्रतिभाला तहान लागली. दिवसाला दोन घागरी पाणी प्यायची, आणि तितक्याच खेपा परसात. लघवीला मुंग्या लागत नव्हत्या, म्हणजे साखरेचा रोग नव्हता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ असते, तिच्यातला रस अंगात पाणी धरून ठेवतो. त्याला व्हॅसोप्रेसिन म्हणतात. हिचा तो आटला होता. त्यांनी त्याच रसाच्या, तेलात कालवलेल्या सुयांच्या शिशा दिल्या. पुढच्याच महिन्यात नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं सौसर मध्यप्रदेशातच राहिलं, आणि त्या कागदांच्या घोळात माझा मुकुंद, तहसिलीतला कारकून, जबलपूरला अडकला.

विनायक कंपाउंडरने तीन सुया दिल्या. फरक शून्य.

"रोगबिग काही नाही, आदत आहे," मी म्हणाले आणि सकाळीच पाण्याच्या खोलीला कुलूप घातलं.

दुपारपर्यंत तिचे ओठ तडकले. "आई, एक घोट द्या जी," ती विनवत होती. मी किल्ली कमरेला खोचून बसले. माझाच हट्ट मला गोड लागत होता.

ती भिंत धरत परसात गेली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा उठली. सकाळपासून पोरीच्या तोंडात थेंब नाही, मग हे पाणी येतं कुठून? तिच्या अंगातूनच येत होतं. ती उंबऱ्यातच कोसळली.

मी धावत जाऊन कुलूप उघडलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजत होते, तोच जबलपूरहून मुकुंद आला. मागोमाग विनायक चौथी सुई द्यायला आला. मुकुंदने सुयांच्या खोक्यातला इंग्रजी कागद उलगडून वाचला.

"विनायकभाऊ, शिशी गरम करून हलवत होता ना?"

"हलवणार कसा? ह्या केसरबाई म्हणे, तळचा गाळ वर येऊ देऊ नको. मी वरचं निवळ तेलच घेऊन राहिलो होतो."

मुकुंदचा चेहरा उतरला. "आई, तो तळचा तपकिरी ठिपकाच दवा आहे वं. बाकी नुसतं तेल."

माझी मला लाज वाटली. शिशी मी कोणाला दिली नाही. कोमट पाण्यात धरली, आणि ठिपका तेलात पुरता मिसळेपर्यंत रडत रडत हलवत राहिले. मग विनायकने सुई दिली.

सकाळी तिच्या उशाचा तांब्या भरलेलाच दिसला. मी घाबरून तिला हलवलं.

प्रतिभाने डोळे उघडले. "आई, भूक लागली जी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने पाण्याशिवाय काही मागितलं होतं. मी कमरेची किल्ली तिच्या हातात दिली आणि भाकरी थापायला बसले.