पाव तोळ्याची उणीव

वजनं तपासायच्या सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर शांत बसतो, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या ज्योत्स्नाला विचारावं. "लोकं रिटायर झाल्यावर देवाचं नाव घेतात, आमचे हे भंगारवाल्याचं घेतात," असं ती आल्यागेल्याला सांगते. सांगो बापडी. जुनी वजनं जमवायचा मला नाद आहे आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

पुलगावच्या भंगारवाल्याकडे मला सोनाराच्या वजनांचा एक संच मिळाला होता. एकीच्या पोटात एक बसणाऱ्या पितळी वाट्या. सगळ्यात मोठी आठ तोळ्यांची, झाकणाची. आत चारची, मग दोनची, अशा पाव तोळ्यापर्यंत. गंमत अशी, की कुठलीही वाटी घ्या, तिच्या पोटातल्या सगळ्यांचं मिळून वजन तिच्याएवढंच भरतं. माझ्या संचाचं भरत नव्हतं. अगदी आतली, पाव तोळ्याची भरीव चकती गायब होती. सहा वर्षं ताजव्याचा काटा तेवढाच झुकायचा आणि मला जेवण गोड लागायचं नाही.

शेवटी भंगारवाल्याला आठवलं, की माल आर्वीच्या प्रभाकरराव सोनारांकडचा. मी संच आणि ताजवा पिशवीत घालून एसटी पकडली.

प्रभाकरराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी सुमित्राबाई, वय ऐंशीच्या घरात, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी वाट्या दाखवल्या तशा त्या खुलल्या.

"बारकं शोधून राह्यले न भाऊ? देवघरात आहे ते."

हळदकुंकवानं माखलेली हरभऱ्याएवढी गोळी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मोठी वाटी एका पारड्यात, बाकी सगळं दुसऱ्यात. काटा या वेळी उलट्या बाजूला झुकला.

"काकू, हे या संचातलं नाई. जड आहे," मी साहेबी आवाजात निकाल दिला.

"चाळीस वर्सांचं हळदकुंकू आहे त्याच्यावर. जड नाई होनार? वजन घासलं का झिजते, असं हे म्हनत, म्हनून मी कधी घासलंच नाई. आधी त्याले आंघोळ तं घाला!"

तीस वर्षं वजनं तपासली आणि हे सुचू नये! कोमट पाण्यात एकेक थर सुटत गेला. पुसून पारड्यात टाकलं, तर काटा मधोमध उभा. मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

"काकू, काय घ्याल याचं? सहा वर्षं शोधतोय."

"हे नाई देत भाऊ. तराजू-वजनं विकली, तरी त्यातलं एक घरात ठेवजो, नाई तं लक्ष्मी जाते, असं सासूबाईनं सांगतलं होतं. म्हनून तं ठेवलं."

माझा चेहरा पडला. राग आला तो सासूबाईंचा, आणि त्या तर कधीच्या वर गेल्या होत्या. मी वाट्या एकीत एक बसवू लागलो. सुमित्राबाई बघत होत्या.

"सहा वर्सं शोधलं म्हनता? अन् हे बिचारं चाळीस वर्सं आपल्या मानसांबिगर बसलं." त्यांनी ती गोळी उचलून माझ्या वाट्यांशेजारी ठेवली. "एक ठेवजो म्हने. कोनतं, ते काई बोलल्या नाईत. मोठी वाटी ठेवून जा तुम्ही."

झाकणाची वाटी! संचाची सगळी शोभा तीच. मी ती बाजूला काढून उरलेल्या मनात मोजल्या. चारच्या पोटात बाकी सगळ्या मिळून चारच. म्हणजे आठची काढली तरी संच पुरा. हे नियमाचं गाणं मी जगाला ऐकवत होतो आणि ते कळलं मात्र काकूंना.

चारची एका पारड्यात, तिच्या पोटातलं सगळं दुसऱ्यात; काटा पुन्हा मधोमध उभा राहिला. मी वाकून पाया पडलो, तर त्या सोललेले तुरीचे दाणे रुमालात बांधून देऊ लागल्या.

निघताना देवघरात डोकावलो. आठ तोळ्यांच्या वाटीत त्यांनी कुंकू भरून ठेवलं होतं.

"आता घासजा मात्र," मी म्हणालो. "झिजली तरी चालते. तिले आता मोजायचं काई नाई."