बापाची सही

रक्षिताच्या प्रगतिपुस्तकावर पाच वर्षं केशरनंच सही केली. पोर पहिलीत होती तेव्हा श्वेता टीचरांनी केशरचा हात धरून तिला अक्षरं काढायला शिकवली, आणि पोर तिसरीत जाईपर्यंत केशर पुरं नाव लिहू लागली. नंदिगड्ड्याजवळच्या त्या वाडीत कुणी कधी विचारलं नाही, की बाई, तुम्ही या पोरीच्या कोण. सगळ्यांना ठाऊकच होतं. केशरची धाकटी बहीण सुंदरी बाळंतपणात तापानं गेली तेव्हा रक्षिता वीस दिवसांची होती. सुंदरीचा नवरा गणपती बारावं उरकून गणेशगुडीला गेला, तिथल्या एका लॉजवर कामाला लागला, पुढं दुसरं लग्न केलं. बसनं दीड तासाची वाट, पण अकरा वर्षांत तो दोनदाच आला.

यंदा रक्षिताचा सरकारी वसतिशाळेत नंबर लागला. वाडीतली शाळा पाचवीपर्यंतच. पुढं रोज रानातून सहा किलोमीटर चालायचं. वसतिशाळेत दहावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं मिळणार होतं.

"पोर सुटली बघा," केशर नवऱ्याला, नागेशला म्हणाली.

शाळा उघडली त्याच आठवड्यात श्वेता टीचरांनी अर्ज पुढं ठेवला. केशरनं पेन उचललं, तशी टीचरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"केशरक्का, इथं तुमची सही चालणार नाही. आई नसली तर बापाची पाहिजे. नाहीतर कोर्टानं पालक नेमला पाहिजे."

"मग मी कोन?"

"तुम्ही वाढवलंत तिला. पण कागदावर तुम्ही कुणी नाही."

"पाच वर्सं म्याच सही केली की!"

"ती आम्ही चालवून घेतली," टीचर खालच्या आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी केशर आणि नागेश जोयड्याला तालुका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "बाप जिवंत हाय न्हवं? मग तुमाला कागद कसा द्यायचा?" बाहेर बसलेल्या वकिलानं सांगितलं, की कोर्टात अर्ज घालावा लागेल, बापाला नोटीस जाईल, मग तारखा पडतील. किती दिवस, हे तो सांगू शकला नाही. वसतिशाळेच्या प्रवेशाची मुदत नऊ दिवसांवर आली होती.

त्यापेक्षा सही आणणं सोपं, असं केशरला वाटलं. कोरा अर्ज पिशवीत घालून ती एकटीच गणेशगुडीला गेली.

गणपती लॉजच्या मागच्या खोलीत राहत होता. त्याची बायको लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि सात महिन्यांची दोन जुळी लेकरं चटईवर रडत होती. गणपतीनं चहा ठेवला. चांगलं बोलला.

"केवढी झाली वो पोर, आक्का?"

"माज्या खांद्याला लागती, दाजी. लई हुशार."

"घरातलं काय करती का?"

केशरला भरून आलं. इतक्या वर्षांनी बापानं विचारलं होतं. ती सांगतच सुटली: भाकरी थापते, पाणी भरते, शेजारच्या बायजाची लेकरं दिवसभर सांभाळते, एक रडू देत नाही. गणपती ऐकत राहिला. मग त्यानं अर्ज घडी करून खिशात घातला.

"वाचून बगतो. परवा मीच येतो घिऊन."

परवा तो आला, पण केशरच्या घरी नाही. शाळेतून निरोप आला तेव्हा केशर भाताच्या रोपांच्या, तरव्याच्या वाफ्यात होती. चिखलाच्या पायांनीच ती धावली. गणपती टीचरांच्या टेबलापाशी उभा होता, हातात रक्षिताचा शाळा सोडल्याचा दाखला. घरून बोलावून घेतलेली रक्षिता बाजूला उभी होती.

"बापानं मागितल्यावर मला नाही म्हणता येत नाही," टीचर म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"दाजी, वसतिशाळेत नंबर लागलाय पोरीचा!"

"शाळा गनेसगुडीतबी हाय. पोरीनं बापाजवळ ऱ्हाऊ नये व्हय?"

"अकरा वर्सं कुटं व्हता तुमी?"

"कुटंबी असंना. बाप हाय मी, आक्का."

"मी न्हाई पाठवत तिला!" केशर ओरडली. शब्द तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच कळलं, की पाठवायचं की नाही हे तिच्या हातात कधीच नव्हतं.

"मावशे, माजी कापडं घरात हाईत," एवढंच रक्षिता म्हणाली.

"नवं घिऊ," म्हणत गणपतीनं तिचा दंड धरला.

वसतिशाळेतली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. महिन्याभरानं केशर कपडे घेऊन गणेशगुडीला गेली. रक्षिताच्या कडेवर एक लेकरू होतं, दुसरं पायाशी रांगत होतं.

"शाळंला जातीस न्हवं?"

"नाव घातलंय. सोमवारी गेल्ते." पोरीनं दाराकडं बघितलं. "आता जा मावशे. नव्या आईला आवडत न्हाई कोन आलेलं."

परत आल्यावर शेताच्या बांधावर नागेशनं विचारलं, "काय म्हनली पोर?"

"जा म्हनली," केशर म्हणाली, आणि भाताची रोपं लावायला शेतातल्या पाण्यात उतरली.