हट्ट्याला ठेवलेली गाणी

पुसेगावजवळच्या तांड्यावरच्या शाळेत शिकवणाऱ्या शिलानं नऊ वर्षं एकच नाद धरला होता. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांची गाणी टेपवर भरून घ्यायची. कॅसेटींना बुरशी धरायला लागली तसा तिनं घरी कॉम्प्युटर आणला आणि एकेक कॅसेट वाजवत सगळी गाणी त्यात उतरवली. तोवर जिवनबाईसारख्या तिघी-चौघी वारल्याही होत्या. एकाच यंत्राच्या भरवशावर एवढं सगळं ठेवायला तिचं मन धजेना.

ती हिंगोलीला गेली. दुकानदार पुनमचंदनं पेन ड्राइव्ह पुढं केला.

"मॅडम, अंगठ्याएवढा हाय, पण लई मावतं यात."

"माझी निम्मी गाणीबी मावायची न्हाईत. अन् एवढुसा जीव, हरवला तर हुडकू कुठं?"

मग त्यानं कोऱ्या सीड्यांची चळत काढली. शाळेतल्या सीड्या ओरखडे पडून वर्षभरात अडकायला लागलेल्या तिनं पाहिल्या होत्या. शेवटी तिनं वायरीनं जोडायची हार्ड डिस्क निवडली. सोबत आणलेलं एक गाणं तिच्यात घालायला लावलं, दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाजवून पाहिलं, तेव्हाच पिशवीत टाकली.

"काम झालं की वायर काढून ठेवत जा," पुनमचंदनं बजावलं.

शिलाचा विचार त्याच्याही पुढं गेला. घरातच ठेवली तर घराचं होईल तेच डिस्कचं. म्हणून तिनं ती हट्ट्याला, बहिणीच्या गावी, तिच्याकडं ठेवली. दर महिन्याला जायचं, आणायची, नवं भरायचं, परत नेऊन द्यायची.

नवरा संतोष हसायचा. "लोक सोनंबी असं जपत न्हाईत. काहून एवढी तकलीफ करून घेऊन राहिली?"

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात गावची विजेची डीपी बिघडली. भर दुपारी वीज दुप्पट जोरानं आली. पंखे गेले, टीव्ही गेले आणि शिलाच्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला. मेकॅनिकनं उघडून पाहिलं. आतलं सगळं करपलं होतं.

संतोषला त्या घटकेला डिस्कची आठवणच राहिली नाही. "नऊ वर्षांची मेहनत गेली की गं."

"कुठं गेली? गाडी काढा, हट्ट्याला जायचंय."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कॉम्प्युटरला तिनं डिस्क जोडली. बातमी ऐकून बाया गोळा झाल्या होत्या. जिवनबाईची लेक पारुबाई पुढंच बसली होती. शिलानं बटण दाबलं अन् जिवनबाईचा खणखणीत आवाज वर्गभर घुमला. एकामागून एक गाणी उघडत गेली. सगळी होती, एकही कमी नाही. संतोषनं बायकोकडं असं पाहिलं, जसं लग्नात पाहिलं होतं.

पारुबाईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "आईनं त्या पहिल्या गाण्यात एक कडवं गाळलं बघ!"

"मग तुमी म्हणा," शिला म्हणाली अन् टेपरेकॉर्डर तिच्यासमोर सरकवला.

पारुबाईनं घसा साफ केला, आणि तिच्यामागून साऱ्या बायांनी सूर धरला.