पंखांवरचा लेप

माझ्या अंगावरचा कागद फाटला आहे, नाव वाचता येत नाही, म्हणून मीच सांगतो. मी हार्डनर आहे, एका जुन्या डब्याच्या तळाशी उरलेला, पिवळसर आणि उग्र वासाचा. मित्रांनो, तुटलेली वस्तू चिकटवायला दोन नळ्यांतला लगदा एकत्र कालवतात, तो तुम्ही पाहिला असेल. त्यातली एक नळी रेझिनची, म्हणजे चिकट द्रवाची, आणि दुसरी माझ्याच कुळातली.

कारखान्यातून मी रेझिनच्या मोठ्या डब्यासोबत झाशीला आलो, प्रेम नगरातल्या एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे विश्वंभरजी विमान बांधत होते. खरेखुरे, लाकडी, दोन माणसांचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ते मालगाडीचे डबे दुरुस्त करत. "आपण दुरुस्त करायचं आणि दुसऱ्यानं घेऊन जायचं," ते पत्नीला, कांचनबाईंना म्हणत. "एक तरी गोष्ट अशी हवी, जी मी स्वतः घेऊन जाईन."

लाकडी पंखाचा शत्रू म्हणजे ओल. ती आत शिरली की लाकूड फुगते, मग सडते. म्हणून पंखांना माझा आणि रेझिनचा लेप द्यायचा होता. रेझिन एकटे असले तर वर्षानुवर्षे पातळच राहते. माझ्या प्रत्येक कणाला अनेक हात असतात. रेझिनचा कण भेटला की मी तो धरतो आणि पुन्हा सोडत नाही. असे हातात हात गुंफून घट्ट जाळे तयार होते, तोच कडक लेप.

"थोडं जास्त घातलं तर लवकर सुकेल ना?" कांचनबाईंनी एकदा दारातून विचारले.

"हे सुकत नाही, जुळतं," विश्वंभरजी वजनकाट्यावरून नजर न काढता म्हणाले. "जास्त घातलं तर उरलेल्यांना जोडीदार मिळत नाही. लेप मऊ राहतो. कमी घातलं तरी तेच."

ते मोठे नेटके होते. उन्हाळ्यात मिश्रण खोल भांड्यात ठेवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते, म्हणून ते पसरट थाळी घेत. थंडीत लेपावर मेणासारखा चिकट थर येतो, तो पाण्याने धुऊन, घासूनच ते पुढचा हात देत. पंख हळूहळू काचेसारखे चमकू लागले. शेजारी बघायला येत. माझे कौतुक होई आणि मला ते आवडे.

फक्त एका बाबतीत ते निष्काळजी होते. झाशीच्या गरमीत हातमोज्यांत घाम साचतो, म्हणून ते उघड्या हातांनी काम करत. वाफेपासून वाचवणारा मास्क आणला होता, तो खिळ्याला टांगलेला असे.

आधी बोटांच्या बेचक्यांत पुरळ आले. मग एका सकाळी डोळे उघडेनात.

"अहो, पापण्या बघा, किती सुजल्यात."

"धूळ गेली असेल, कांचन."

पुरळ मानेपर्यंत चढले तेव्हा त्या त्यांना ओढूनच डॉक्टरकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर अंगणात कांचनबाईंनी डॉक्टरांचे शब्द पुन्हा म्हणून दाखवले, "विश्वंभरजी, शरीर ने इसे पहचान लिया है. अब ज़रा-सा भी नहीं. ये आदत पड़ने से ठीक नहीं होता, और बिगड़ता है." विश्वंभरजी मान खाली घालून ऐकत होते.

काही आठवडे त्यांनी शेडला कुलूप लावले. पण डाव्या पंखाची खालची बाजू उघडीच होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. कांचनबाई सीपरी बाजारला गेल्या असताना त्यांनी कुलूप काढले. ओल्या लेपावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद केल्या आणि माझे झाकण उघडले.

निम्मा पंख झाला असेल. ते खोकू लागले. खोकला थांबेना, मग श्वास आत जाईना. ब्रश थाळीत पडला आणि ते खाली बसले. कांचनबाई आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी रस्त्यावर धावत जाऊन ऑटो थांबवली. "भैया, हाथ लगाओ, उठाना है," एवढेच शब्द मला ऐकू आले.

ते वाचले. पण फुप्फुसे पहिल्यासारखी झाली नाहीत. जिना चढताना ते थांबतात. वर्कशॉपमध्ये रंगाचा वास सहन होईना, म्हणून त्यांना टेबलावरचे काम मिळाले.

एका दुपारी कांचनबाई एकट्याच शेडमध्ये आल्या. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडावर मास्क. माझ्याकडे बघतानाचे त्यांचे डोळे मी विसरणार नाही. शेडजवळ येता येत नसल्याने विश्वंभरजी फाटकापाशी उभे राहून त्यांना फोनवर म्हणाले, "राहू दे गं. आता काय उपयोग?"

"विकायचं तरी सडकं कसं विकायचं?" त्या म्हणाल्या, आणि मला काट्यावर ठेवले.

त्यांनी उरलेला पंख पूर्ण केला. विमान विकत घेतलेले भोपाळचे सलील नावाचे गृहस्थ ट्रक घेऊन आले. पंख चढवण्याआधी कांचनबाई म्हणाल्या, "एकदा हात लावून या. पूर्ण कडक झालेल्या लेपाचा त्रास नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"नको," ते म्हणाले. "उद्या त्याला चीर गेली तर मला घासता येणार नाही, बुजवता येणार नाही. जे मला दुरुस्त करता येत नाही, ते माझं कसं?" आणि ते घरात गेले. ट्रक वळला तरी बाहेर आले नाहीत.

मित्रांनो, लाकूड कोणते आणि कातडी कोणती, हे मला कळत नाही. जे समोर येईल त्याला मी धरतो. तो फरक तुम्हालाच ठेवावा लागेल, आणि तोही पहिल्याच दिवशी, कारण शरीराला माझी ओळख एकदा पटली की ती पुसता येत नाही. आणि माझ्यासारखा उरलेला डबा उघडा कचऱ्यात टाकू नका. तिथेही कोणाचा तरी हात येतो.

कांचनबाईंनी उरलेले रेझिन आज अंगणात आणून ठेवले आहे. त्या मला वजन करून त्यात ओततील आणि संध्याकाळपर्यंत माझा दगड होईल. मग मी कोणालाच धरू शकणार नाही.